आनंद भवनातलं माहेर

आई-बाबांचं वेणीदान राहिलं होतं, म्हणून मागच्या महिन्यात प्रयागला गेलो. संगमावर बाबांनी थरथरत्या हातांनी आईची वेणी घातली, गुरुजींनी सांगितल्यावर टोकाचे केस कापून पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. मी म्हटलं, नेहरूंचं घर, आनंद भवन बघून येऊ. बाबा म्हणाले, "राजकारण्यांच्या घरात काय बघायचंय?" आणि लॉजवर आडवे झाले. आई मात्र लगेच निघाली.

निळ्या-पांढऱ्या रंगाची दुमजली इमारत, वर घुमटी, भोवती भरपूर झाडं. खोल्या काचेआडून बघायच्या. पलंग, टेबल, पुस्तकांची कपाटं. नेहरूंच्या खोलीपाशी फोटोंसाठी झुंबड होती. एका काचेवर लहान मुलांच्या नाकांचे ठसे उमटले होते, आईनं ते पदरानं पुसले आणि बराच वेळ आत बघत राहिली. मग म्हणाली, "यांच्या बायका-मुलींचं काय झालं गं पुढं?"

हा प्रश्न मला तरी आजवर पडला नव्हता. आम्ही बागेतल्या सावलीला बसलो आणि मला जे ठाऊक होतं ते तिला सांगत गेले.

शेजारचं मोठं घर नेहरूंचे वडील मोतीलाल यांनी 1900 च्या सुमारास घेतलं, तेव्हा आनंद भवन हे नाव त्याचं होतं. इंदिराजींचा जन्म तिथलाच, 1917 चा. पुढं मोतीलालजींनी बाजूला हे दुसरं घर बांधलं आणि 1930 मध्ये जुनं घर काँग्रेसला देऊन टाकलं, ते स्वराज भवन. नेहरूंच्या पत्नी कमलाबाईंनी तिथंच जखमी सत्याग्रहींसाठी दवाखाना चालवला. 1931 च्या पहिल्याच दिवशी त्यांना अटक झाली. पाच वर्षांनी त्या परदेशात क्षयानं गेल्या. त्यांच्या नावाचं इस्पितळ याच आवाराला लागून आहे.

आणि स्वरूपराणी, नेहरूंच्या आई. 1932 च्या एप्रिलमध्ये अलाहाबादेत मिरवणूक अडवली, तेव्हा कुणीतरी त्यांना बसायला खुर्ची दिली होती. लाठ्या सुरू झाल्या. साठी उलटलेली ती बाई खुर्चीवरून खाली पडली, तरी डोक्यावर मार बसत राहिला. रक्तबंबाळ होऊन रस्त्याच्या कडेला पडून होत्या. नवरा आदल्याच वर्षी गेलेला. मुलगा तुरुंगात, दोन्ही मुलीही तुरुंगात. आईनं माझा हात धरला तो गोष्ट संपेपर्यंत सोडला नाही.

थोरली मुलगी विजयालक्ष्मी. 1921 मध्ये तिचं लग्न झालं ते आपल्या मराठी माणसाशी, रणजित सीताराम पंडित यांच्याशी. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे? मोठे संस्कृत पंडित, काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या कल्हणाच्या राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर त्यांनी तुरुंगात बसून केलं. शेवटच्या तुरुंगवासात तब्येत ढासळली आणि सुटल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी 1944 मध्ये ते गेले. मागे तीन मुली, मुलगा नाही. मुलगा नसलेली विधवा म्हणून त्या काळच्या हिंदू कायद्यानं विजयालक्ष्मींची कोंडी केली. स्वातंत्र्यासाठी तीनदा तुरुंगात गेलेली, पुढं 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली महिला अध्यक्ष झालेली बाई, आणि घरच्या इस्टेटीत मात्र तिची बाजू लंगडी.

या कुटुंबावरून इथं रोज हमरीतुमरी होते. कुणी देव्हाऱ्यात बसवतो, कुणी शिव्या घालतो. मत ज्याला द्यायचं त्याला द्या, पण त्या बायकांनी जे सोसलं त्याला पक्ष नसतो. पोरांना सहलीला न्याल तेव्हा स्वरूपराणींची खुर्ची त्यांना आवर्जून सांगा, एवढं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

पण आईला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. नेहरूंनी 1954 मध्ये मृत्युपत्र केलं, त्यात हे घर इंदिराजींना दिलं, आणि सोबत लिहून ठेवलं की माझ्या बहिणींना, त्यांच्या मुलांना या घराचं दार कायम उघडं राहावं. त्यांनी केव्हाही यावं, हवं तितकं राहावं, आणि आपण इथं हवेसे आहोत असं त्यांना वाटावं. म्हणजे बहिणींचं माहेर त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं! मुलींना बापाच्या मालमत्तेत वारसा देणारा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, 1956 मध्ये आला.

2005 मध्ये तो कायदा आणखी बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. त्याच सुमारास मामा कागद घेऊन आले होते. साडी-चोळी आणली, ताटाभोवती रांगोळी काढली, आणि जेवणं झाल्यावर आईनं हक्कसोडपत्रावर सही केली. तिला जमीन नकोच होती. पण त्यानंतर माहेरी जायचं म्हणजे बोलावणं यायला लागायचं, ते हळूहळू लग्न-बारशापुरतं उरलं. अशा आया घरोघरी आहेत. तुमच्याही घरात असेल.

इंदिराजींनी 1970 मध्ये हे घर देशाला दिलं. त्यांचं लग्नही इथंच झालं होतं, 1942 च्या मार्चमध्ये, वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची गुलाबी खादीची साडी नेसून. आईला ही गोष्ट फार आवडली. "बापाच्या हातचं सूत," एवढंच म्हणाली.

निघताना फाटकापाशी थांबून तिनं विचारलं, "बहिणींचं ते खरंच कागदावर लिहिलं होतं का गं?" मी म्हटलं, हो. रिक्षात ती गप्प होती. रात्री लॉजवर बाबांना झोप लागल्यावर तिनं मामाला फोन लावला. दिवाळीत चार दिवस राहायला येते म्हणाली. येऊ का, असं विचारलं नाही.