आधी जर्मन की आधी पत्ता?

इंदूरच्या रामबागेतला कट्टा. पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला पडला आणि बंड्याने काडी टाकली. भाचा ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालाय, आणि बंड्याच्या मते भाषा तिथे गेल्यावर आपोआप येते.

"कशी येते?" मेधाताई म्हणाली. "तो अडखळला की समोरचा लगेच इंग्रजीवर येणार. मग चार महिने पाव आणि कॉफी मागण्यातच जातात. निदान ए-टू, म्हणजे जर्मनची दुसरी पायरी, इथून करून जाऊ दे."

अण्णांना दोघंही चूक वाटत होते. "भाषा राहू द्या, पहिल्या पंधरवड्यात पत्ता महत्त्वाचा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आन्मेल्डुंग, म्हणजे नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाने सही केलेला वेगळा कागद लागतो. नुसता भाडेकरार पुरत नाही. किल्ली हातात घेतानाच तो मागून घ्यायचा. नोंद रखडली की बऱ्याच बँकांत खातं रखडतं, आणि खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशातले, महिन्याचे ९९२ युरो बाहेर निघत नाहीत."

"आणि तोवर घराचं डिपॉझिट?" बंड्याने विचारलं.

"तिथेच तर पोरं अडकतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. ते ब्लॉक्ड खात्यातून भरू असा हिशेब केला की संपलं. ते पैसे वेगळे न्यायचे. आणखी एक, पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवायचं. तिथे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव बघून टपाल टाकतो. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं टपालानेच येतं. नाव नसलं की गेलं परत."

"बरं, त्या कार्यालयाची वेळ मिळाली 'हाल्ब द्राय'ची," मेधाताई म्हणाली. "किती वाजता जायचं रे?"

"अरे भिया, हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. साडेतीन!" बंड्या.

"अडीच! तिसरा अर्धाच झालाय. आपलं अडीचसुद्धा 'अर्धतृतीय'वरूनच आलं. इंग्रजीतून विचार करणारा तासभर उशिरा पोचतो आणि पुढची वेळ मिळेपर्यंत तुमची ती नोंद लटकते, अण्णा."

अण्णा गप्प. ताईला आता जोर चढला. एकवीसला ते 'आइन-उंट-ट्स्वान्त्सिश' म्हणतात, एक आणि वीस. आपल्यासारखाच एकक आधी. फोन नंबर दोन-दोन आकड्यांत सांगितला की इंग्रजीवाले उलटा लिहितात, मराठी कानाला ते सोपं जावं. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं, त्या पिढीचं काय ते बघू.) 'वाइल' म्हणजे 'कारण', त्याच्यामागून येणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्या सवयीचं. लिंगंसुद्धा तीनच, फक्त वस्तूवस्तूंत जुळत नाहीत. चमचा दोन्हीकडे 'तो', पण त्यांचा काटा 'ती' आणि सुरी 'ते'. म्हणून शब्द पाठ करायचा तो देअर-दी-दास, म्हणजे त्यांच्या तो-ती-ते सकट. नुसता शब्द पाठ केला तर पुढे सगळी विभक्ती चुकते.

"म्हणजे ए-टू नाही झालं तरी आकडे, घड्याळ आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग जर्मन अक्षरांत सांगता आलंच पाहिजे," अण्णांनी माघार घेतली, तीही अर्धीच. "पण गेल्या गेल्या आधी कागद."

बंड्या अजून सामानावर होता. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, स्टीलचा इंडक्शन बुडाचा न्यावा, यावर तिघांचं एकमत झालं. पोहे, शेव, जिरावन जातं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात बाहेरून सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे बाद, तूपही बाद.

"घरचं कढवलेलं आहे हो, दोन किलो!"

"कस्टमवाल्याला वास आवडेल त्याचा," अण्णा म्हणाले. "डबा इथेच ठेव."