कापसावरचं शुल्क ‘कायमचं’ गेलं नव्हतं, गेलं ते ऐन वेचणीत

संक्रांतीला माहेरी गेले, तर तिळगुळाच्या आधी काकाजींनी मोबाइल हातात दिला. हिंगणघाटकडचं आमचं गाव. ओसरीत कापसाचा ढीग, त्यावर झाकलेली जुनी लुगडी, घरात शिरताच अंगाला सुटणारी खाज. म्हणजे माल अजून घरातच होता. ‘‘वाच वं पोरी, आन सांग, हे खरं हाये का खोटं? दोनशे रुपये मागून रायले.’’

ऑगस्ट २०२५ पासून फिरत असलेला तो संदेश २०२६ च्या सुरुवातीला पुन्हा फिरायला लागला होता. त्याचं सार असं: सरकारनं कायदा बदलून कापसावरचं आयात शुल्क कायमचं रद्द केलं. ही सूट फक्त अमेरिकेच्या कापसाला आहे. तिच्यामुळेच भाव क्विंटलला तीन हजारांनी पडला. वर अमेरिकेनं लावलेला ५० टक्क्यांचा दंडही आपणच भरतो आहोत. आता हायकोर्टात याचिका टाकली की कोर्ट शुल्क ५० टक्के करायला लावेल, त्यासाठी प्रत्येक कास्तकारानं दोनशे रुपये द्यावेत.

आधी माझी बाजू उघडी करते. मी सीमाशुल्काच्या खटल्यांची वकील आहे आणि माझी फी बहुतेक वेळा आयातदारच देतात. तेव्हा माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या.

‘कायदा बदलला, शुल्क कायमचं गेलं.’ दोन्ही गोष्टी चूक. सीमाशुल्क कायदा १९६२ चा आहे आणि दराचं कोष्टक १९७५ च्या कायद्यात आहे. दोन्हींना कुणी हात लावला नाही. १९६२ च्या कायद्याच्या कलम २५ नं केंद्र सरकारला एक मुभा दिली आहे: सार्वजनिक हिताचं वाटलं तर अधिसूचना काढून कोणत्याही मालाला शुल्कातून सूट द्यायची. कापसाला ती १८ ऑगस्ट २०२५ ला दिली. लागू १९ ऑगस्टपासून, मुदत ३० सप्टेंबर. मग २८ ऑगस्टला ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ती संपली आणि १ जानेवारी २०२६ पासून ११ टक्के पुन्हा लागू झाले. म्हणजे काकाजी तो संदेश वाचत होते तेव्हा शुल्क परत येऊन दोन आठवडे झाले होते.

हे ११ टक्केही काही पिढीजात नाहीत. २ फेब्रुवारी २०२१ ला ते आले, त्याआधी शून्यच होतं. त्यात ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दहावर दहावा हिस्सा, म्हणजे १ टक्का, समाजकल्याण अधिभार. मध्यंतरी एकदा हे शुल्क उठलंही होतं, १४ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळात. ती तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘फक्त अमेरिकेच्या कापसाला.’ नाही. ही सूट मालाला होती, देशाला नव्हती. ब्राझील, अमेरिका, आफ्रिकेतले देश, ज्याची गठाण, म्हणजे कापसाची गाठ, येईल तिला ती लागू. उलट एका देशापुरती सवलत बघायची तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारात त्यांच्या ५१ हजार टन कापसाला, म्हणजे तीन लाख गाठींना, दरवर्षी शुल्कमुक्त वाट आहे. त्यावर संदेश फिरल्याचं मला आठवत नाही. राहिला अमेरिकेला खूश करण्याचा विषय. तिकडचं २५ टक्के शुल्क ७ ऑगस्टला लागलं, आणखी २५ टक्के २७ ऑगस्टला, आणि आपली सूट बरोबर मधे. संशय घ्यायला जागा आहे. पण संशयावर केस उभी राहत नाही.

आता भाव. इथे जरा बसून हिशेब करावा लागेल, कारण संदेशात सगळ्यांत जास्त पटणारी गोष्ट हीच आहे.

आयात होते ती रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस; शेतातून येतो तो कापूस नाही. रुईचा भाव खंडीवर, खंडी ३५६ किलोची. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. हिशेबापुरतं धरा की बाहेरची रुई बंदरात ५० हजार रुपये खंडीनं पडते. त्यावर ११ टक्के म्हणजे साडेपाच हजार. शुल्क उठलं की गिरणीला ती तेवढीच स्वस्त पडणार. साडेपाच हजार भागिले साडेदहा, म्हणजे क्विंटलमागे सव्वापाचशेच्या आसपास. शुल्काचा सगळाच्या सगळा फरक कास्तकाराच्या माथी मारला तरी आकडा तिथपर्यंत जातो, तीन हजारांपर्यंत नाही.

मी हे पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. काकाजी गप्प झाले, मग म्हणाले, ‘‘वीस क्विंटलचे साडेधा हजार. माह्या वेचणीचे चुकारे झाले असते त्याच्यात.’’ बरोबर आहे. आकडा तीन हजारांचा नाही म्हणून तो लहान होत नाही.

बाकीची घसरण कुठून आली? जगात कापूसच स्वस्त होता. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुई पाउंडाला दीडशे सेंटच्या वर गेली होती. २०२५ मध्ये ती ७० च्या आतच घुटमळली. आणि आता ती तारीख आठवा. एप्रिल २०२२ मध्येही शुल्क शून्य झालं होतं, तरी त्या वर्षी आपल्याकडे कापूस दहा हजारांच्या वर विकला गेला. शुल्क हेच एकमेव कारण असतं तर तेव्हाही भाव कोसळला असता.

पण या तुलनेतच खरी तक्रार सापडते, आणि संदेश नेमकी तीच सोडून देतो. २०२२ ची सूट एप्रिलात आली. तोवर बहुतेकांचा कापूस विकून झाला होता, घरात असली तर फरदड, म्हणजे हंगामानंतर राखलेल्या झाडांचा उशिराचा कापूस. २०२५ ची सूट ३० सप्टेंबरला संपली असती तरी फार बिघडलं नसतं, कारण आपल्याकडे सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होते दसऱ्याच्या आगेमागे आणि दसरा २ ऑक्टोबरला होता. शिवाय ब्राझीलची गठाण बंदराला लागायला महिना-दीड महिना जातो, त्यामुळे पहिल्या मुदतीत नवे सौदे फारसे बसलेच नसते. घाव बसला तो दहा दिवसांनी आलेल्या मुदतवाढीनं. तिनं गिरण्यांना नव्यानं सौदे करून माल उतरवायला वेळ दिला, आणि तो काळ पहिल्या वेचणीपासून भर हंगामापर्यंतचा निघाला. ‘थोडं थांबू, आयातीचा माल येतो आहे’ एवढं खरेदीदाराला म्हणता आलं तरी पुरतं.

१ जानेवारीला शुल्क परत आलं तरी दुसऱ्या दिवशी भाव का उसळत नाही, याचंही उत्तर कायद्यातच आहे. कलम १५ प्रमाणे दर ठरतो तो साधारणपणे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातदारानं कस्टमला द्यायचा मालाचा कागद, दाखल होते त्या दिवसाचा. डिसेंबरात ज्या गाठींचं बिल दाखल झालं त्या बिनशुल्काच्या झाल्या, मग त्यांचं सूत फेब्रुवारीत निघो की एप्रिलात.

आमच्या धंद्यात या दिवसाला किती किंमत असते ते सांगते. पुलवामानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागलं. ती अधिसूचना ई-राजपत्रावर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. अटारीला काही आयातदारांची बिलं त्याच दिवशी, पण त्याआधी दाखल झाली होती. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये निकाल लागला की नवा दर त्या क्षणानंतर लागू, त्याआधीच्या बिलांना नाही. आयातदाराकडे सेकंद मोजणारा वकील असतो. आमच्या गावात तीच बातमी व्हॉट्सॲपवर येते, तीही चुकीची.

‘५० टक्के दंड आपण भरतो.’ टॅरिफ तिथला आयातदार तिथल्या कस्टमला भरतो. सुती टी-शर्टवर त्यांचं नेहमीचं साडेसोळा टक्के आहेच, त्यावर हे ५० चढले. मग ऑर्डर तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यांतून दुसऱ्या देशात जाते, सुताला उठाव राहत नाही आणि मग रुईलाही. म्हणजे झळ इथवर येते, पण पावती भारताच्या नावानं फाटत नाही. त्या टॅरिफवर तिकडेही खटले चालले. अध्यक्षाला असं शुल्क लावायचा अधिकारच आहे का, हा त्यांतला वाद होता. अपील कोर्टानं २९ ऑगस्ट २०२५ ला सात विरुद्ध चार मतांनी ‘नाही’ म्हटलं आणि ५ नोव्हेंबरला त्यांच्या सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली.

त्यावरूनच इथे कुणाला याचिकेची कल्पना सुचली असावी. पण तिथे प्रश्न अधिकार आहे का हा होता. इथे कलम २५ चा अधिकार संसदेनंच स्पष्ट शब्दांत दिला आहे. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लागत नाही, त्यामुळे कोर्ट आपल्या मनानं ‘५० टक्के लावा’ असा हुकूम देत नाही. सूट देणं-काढणं यात कोर्ट सरकारला किती मोकळीक देतं ते १९९४ च्या कासिंका ट्रेडिंग निकालात दिसतं. पीव्हीसी रेझिनवरची सूट ३१ मार्च १९८१ पर्यंत असल्याचं छापलं होतं, सरकारनं ती आधीच, ऑक्टोबर १९८० मध्ये काढली आणि सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं. तेव्हा दोनशे रुपये देऊ नका. जमा करणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं मी म्हणत नाही. पण त्या पैशात मिळेल ती फक्त तारीख.

सरकारला मात्र शुल्क वाढवता येतं. जागतिक व्यापार संघटनेत भारतानं कच्च्या कापसासाठी वरची मर्यादा १०० टक्के बांधून घेतली आहे, म्हणजे ११ वर जायला जागा भरपूर. आयात अचानक वाढून इथल्या उत्पादकाचं गंभीर नुकसान होत असेल तर १९७५ च्या कायद्याच्या कलम ८ ब खाली संरक्षक शुल्क मागता येतं. त्याला अर्ज लागतो, आकडे लागतात, चौकशी होते, दोन्ही बाजूंना बोलावतात. रसायनांचे, पोलादाचे कारखानदार अशा चौकश्या करवून घेतात, ते मी रोज बघते. कास्तकारांच्या संघटनेचा असा अर्ज माझ्या टेबलावर आजवर आलेला नाही. शुल्क उठवताना मात्र कलम २५ कुणालाच विचारायला लावत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

संदेशाच्या शेपटीला सोयाबीनही बांधलं आहे, ‘तेलावरचं शुल्कही शून्य’ म्हणून. तेही चूक. कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क मे २०२५ च्या शेवटी २० वरून १० टक्क्यांवर आलं, उपकर धरून साडेसोळा. रिफाइंडवर ३५.७५ टक्के तेव्हा तसंच राहिलं.

‘‘मंग कराचं काय?’’ काकाजींनी विचारलं. कलम १५९ प्रमाणे अशी प्रत्येक अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांत तीस दिवस ठेवावी लागते आणि सभागृहं ती बदलू शकतात, रद्दही करू शकतात. तेव्हा मागणी खासदाराकडे करायची, आणि ती ‘११ चे ५० करा’ अशी मोघम नाही. वेचणीच्या काळात कापसाला सूट द्यायची नाही, एवढंच मागायचं. मी त्याच पाठकोऱ्या कागदावर मजकूर सांगत गेले, काकाजी लिहीत गेले.

‘‘दसऱ्यापासून होळीपर्यंत, असं लिवू?’’

‘‘काकाजी, कस्टमला दसरा कळत नाही. तारीख लागते.’’

त्यांनी दसरा खोडला. वर लिहिलं, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. मग चष्मा वर करून म्हणाले, ‘‘पऱ्हाटी एखाद्या वर्षी लवकर फुटली तं?’’ आणि १ ऑक्टोबर खोडून १५ सप्टेंबर केलं.