"कुत्रा आत घ्या, कोरियन आलेत"

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत हे वाक्य मोठ्यानं बोललं गेलं. समोर नवीन राहायला आलेली कोरियन बाई आणि तिचा हात धरलेला पाच वर्षांचा मुलगा. बाकावरचे सगळे खो खो हसले. तिला मराठी येत नाही, पण 'कोरियन' शब्द कळतो आणि हसणं तर कुणालाही कळतं. रात्री ग्रुपवर त्याच वाक्याला अकरा हसरे चेहरे. डोकं फिरलंय माझं.

मी दोन वर्षं दक्षिण कोरियात, सुवॉन शहरात होते. घरमालकीण ऐंशीला टेकलेली, सगळे तिला हालमोनी म्हणायचे, म्हणजे आजी. तिच्या बोरी नावाच्या कुत्रीचे पाय गेले होते, तर ही वाकलेली म्हातारी तिला बाबागाडीत घालून रोज फिरवून आणायची. आणि हीच हालमोनी लहानपणी बोशिनथांग, म्हणजे कुत्र्याचं कालवण, खायची. तिनंच सांगितलं मला.

कोरियन युद्ध थांबलं त्याच्या पुढचा उन्हाळा, जोल्ला प्रांताकडचं खेडं. उन्हाळ्यात 'बोक'चे तीन दिवस सगळ्यात तापलेले मानतात. अंगात ताकद यावी म्हणून त्या दिवशी हे खायची रीत होती. घरचा पिवळा कुत्रा काका ओढ्याकडे घेऊन गेले. ही नऊ वर्षांची. "रडले, आणि खाल्लंसुद्धा. भूक होती. चवीला चांगलं लागलं गं, तेच विसरता येत नाही."

आता सांगा, तिला काय म्हणायचं? रानटी? म्हणून दाखवा माझ्यासमोर.

९ जानेवारी २०२४ला तिथल्या संसदेनं कायदा केला तेव्हा मी तिच्याच घरी टीव्हीसमोर होते. बाजूनं २०८ मतं, विरोधात एकही नाही. फेब्रुवारी २०२७पासून खाण्यासाठी कुत्रे पाळणं, मारणं, विकणं गुन्हा. मारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड. (खाणाऱ्याला शिक्षा नाही, हेही ऐकून ठेवा.) हालमोनी काहीच बोलली नाही. बोरीच्या पाठीवर हात फिरवत बसली.

हो, तिथल्या फार्मांवर जाळीच्या पिंजऱ्यांत कुत्र्यांचे भयंकर हाल झाले, ते मी झाकत नाही. बाहेरच्या जगानं ओरडा केला त्याचाही थोडा वाटा असेल, बरं. पण १९८८च्या ऑलिंपिकआधी परदेशी पाहुण्यांना दिसू नये म्हणून काय झालं? दुकानं मागच्या गल्ल्यांत गेली आणि बोशिनथांगच्या पाट्यांवर 'चार ऋतूंचं सार' असली नावं आली. खाणं चालूच. ते कमी झालं कुत्रं फ्लॅटमध्ये, सोफ्यावर, घरातल्या माणसांत आलं तेव्हा. तिथल्याच पोरांनी आईबापांशी वाद घातले, तिथलेच लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले. सोंगनामच्या मोरान बाजारातले पिंजरे गेले, मग बुसानच्या गुपो बाजारातले. आता बोकच्या दिवशी रांगा लागतात त्या सामग्येथांगसाठी, म्हणजे पोटात तांदूळ आणि जिनसेंग भरून उकडलेल्या कोंबडीसाठी. हालमोनी मलाही वाडगा भरून आणून द्यायची.

आणि आपण अजून त्याच एका विनोदावर. कोरियन फुटबॉलपटू पार्क जी-सुंग आठवतोय? मँचेस्टर युनायटेडचे प्रेक्षक त्याच्या कौतुकाचं म्हणून कुत्रं खाण्याचंच गाणं गायचे. खेळणं सोडल्यावर, २०२१मध्ये, त्याला सांगावं लागलं की आता हे थांबवा, आमच्याकडे काळ बदललाय. इतकी वर्षं गिळलं त्यानं. आपल्याकडे पुण्यात शिकायला येणाऱ्या ईशान्येच्या मुलांना हेच ऐकवतात, तेव्हा कुठे जातं आपलं प्राणिप्रेम?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. हालमोनीनं एकदा थर्मासचं सांगितलं होतं. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे म्हणाले, जखम लवकर भरेल, बोशिनथांग दे. ही रोज थर्मास भरून दवाखान्यात न्यायची. तो बरा झाला. पुढे त्यानंच बोरीला पिल्लू असताना कोटाच्या आत घालून घरी आणलं. तो गेल्यावर बोरी सहा दिवस दारापाशी बसून होती, म्हणे. थर्मास अजून तिच्या कपाटात आहे. टाकवत नाही म्हणाली.

आज बागेत त्या बाईनं काय केलं माहितेय? हसणं थांबल्यावर ती खाली बसली, आमच्या शेरूपुढे हात धरला आणि मला त्याचं नाव विचारलं. मुलानं तीनदा म्हणून बघितलं, "शे-रु."

त्या अकरांपैकी चौघं माझ्या यादीत आहेत. वाचत असाल तर तो चेहरा आत्ता काढा. उद्या सकाळी दहाला मी तिच्याकडे जाणार आहे, माफी मागायला. खाली लिफ्टपाशी थांबते, या.