लॉकर उघडा, देश खोळंबलाय

देशाची अर्थव्यवस्था नेमकी कुठे अडलीय, ठाऊक आहे? तुमच्या लॉकरमध्ये. भारतातल्या घराघरांत मिळून पंचवीसेक हजार टन सोनं पडून आहे, असा अंदाज जागतिक सुवर्ण परिषदेने वर्तवला होता. त्यातल्या तुमच्या वाट्याच्या दोन पाटल्या आणि आजींची वज्रटीक तेवढी बाहेर आली, की बघा कारखाने कसे धडधडायला लागतात!

तेव्हा आज रात्री जेवताना विषय काढाच. सांगा, की २०१५ मध्ये सरकारने सुवर्ण मुद्रीकरण योजना आणली. दागिना न्यायचा, ते शुद्धता तपासतात, मग आटवतात. लाख-खडे वगळून जे वजन भरेल, त्यावर पाच ते सात वर्षांसाठी सव्वादोन टक्के व्याज. मुदत संपली की रोख घ्या नाहीतर सोनं घ्या. वज्रटीक तेवढी मागायची नाही. आजींच्या हातातला घास हातातच राहील, कारण त्यांना 'आटवतात' एवढंच ऐकू आलेलं असतं. राष्ट्रहिताचा मुद्दा नेमका इथे मांडायचा.

अर्थमंत्री असताना मोरारजीभाई देसाईंनीही मांडून पाहिला होता. १९६३ मध्ये फर्मान निघालं, नवा दागिना चौदा कॅरटच्या वर घडवायचा नाही. सोनार उपाशी, तस्कर तुपाशी. १९६८ मध्ये रीतसर कायदा झाला, १९९० मध्ये तो गुंडाळला. सोनं जिथल्या तिथे.

समजा, आजी तयार झाल्या. (समजायला काय जातंय?) बँकेत गेल्यावर कळेल की मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी मार्च २०२५ मध्येच बंद झाल्या, अल्पमुदतीचं त्या त्या बँकेच्या मर्जीवर. हिरमुसू नका. आलाच आहात तर लॉकरचं भाडं भरून जा. आग लागली, चोरी झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. भाडं तीन हजार असेल, तर फार तर तीन लाख. आत कितीचा ऐवज आहे ते बँक विचारत नाही. आजच्या भावात तुम्हीही हिशेब करू नका, रात्रीची झोप जाईल.

राहता राहिला रोख पैसा. तो आपण नोव्हेंबर २०१६ मध्ये रांगा लावून अर्थव्यवस्थेत सोडून आलोच आहोत. तांदळाच्या डब्यातल्या पाचशे-हजाराच्या नोटांचं काय झालं ते आजींनी डोळ्यांनी पाहिलं. आता त्या डब्यात नोट ठेवत नाहीत. गुरुपुष्यामृताला घेतलेली वेढणी ठेवतात.