सात चमचे

आमच्या घरात पातेल्यांचे मानपान मोठे. दुधाचं पातेलं दुधाचंच. पांढऱ्या रश्श्याचं तांबड्याला चालत नाही. अंडी उकडायचं एक आहे, ते मांडणीच्या खालच्या कप्प्यात तोंड लपवून असतं. अशा घरात मेन्स्ट्रुअल कप कशात उकळायचा, हा प्रश्न मला तो विकत घेण्याआधीच पडायला हवा होता. शेवटी फळीवरचं सगळ्यात लहान पातेलं उचललं, सासूबाई अंबाबाईला गेल्यात हे बघून गॅसवर चढवलं आणि पाच मिनिटांचा गजर लावला. तिसऱ्या मिनिटाला सासूबाई दारात. महाद्वार रोडला फार गर्दी होती म्हणे.

"काय उकळाय लागलीस गं?"

"कप."

"कप कोण उकळतंय? धुवायचा की." मग जरा थांबून, "आणि बशी?"

तर हा बिनबशीचा कप म्हणजे पाळीचं रक्त झेलणारी, वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची मऊ वाटी, उलट्या घंटेसारखी, खाली छोटी दांडी. आत बसवायचा, जास्तीत जास्त बारा तासांनी काढायचा, ओतून, धुऊन पुन्हा बसवायचा. नीट सांभाळला तर दहा वर्षं टिकतो. मी एकोणचाळीसची. म्हणजे हा एकच कप मला पाळी जाईपर्यंत पोचवणार. लग्नातल्या मिक्सरनंही एवढी साथ दिली नाही. पण खरं सांगू, मी भुलले ते आमच्या मेडिकलवाल्यापायी. तो पॅडचं पाकीट आधी रद्दीच्या पेपरात, मग काळ्या पिशवीत असं बांधून देतो की गुजरीतला सोनारसुद्धा डाग इतका जपून देत नाही. सव्वीस वर्षं ती काळी पिशवी मिरवल्यावर माणूस काहीही करायला तयार होतो.

घडी घालायचे प्रकार चिकार. एक इंग्रजी सी अक्षरासारखी, एक काठ आत दाबून कळीसारखी. विडा करता येणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही. अवघड आहे ते पुढचं. विडा हातात उलगडला तर परत दुमडता येतो. हा ओला कप बोटातून सुटला की आधी नळावर, तिथून आरशावर, तिथून बादलीत. माझे आजोबा खासबागेत कुस्त्या खेळलेले. बैठका आमच्या रक्तात आहेत. पण त्यांच्या पायाखाली लाल माती होती, माझ्या पायाखाली साबणाची फरशी. शेवटी एक पाय पालथ्या तांब्यावर ठेवून (हे कुणी करू नये, तांब्या सरकतो) डाव लागला. आत गेल्यावर कपानं बारीक 'टप्' करून अंग उघडलं, आणि मला घाम फुटला. हा वर निघून गेला तर?

दोन बाळंतपणं झालेल्या बाईला हा प्रश्न पडावा! पण आमच्या बाईंनी दहावीला तो धडा "घरी वाचून या" म्हणून उलटला होता, आणि घरी तो वाचताना कुणी बघेल म्हणून मीही उलटला. माझ्या मनातल्या नकाशात तो रस्ता थेट पोटात निघत होता. त्या रात्री चादरीखाली मोबाइल धरून तो धडा पूर्ण केला. वाट जेमतेम बोटभर लांबीची. टोकाला गर्भाशयाचं मुख, पाळीत त्याचं छिद्र अगदी बारीक; त्यातून कप जाणं शक्य नाही. सकाळी बोटानं चाचपून पाहिलं. नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, गुळगुळीत आणि टणक. इतकी वर्षं आपल्याच घरात एक बंद खोली असावी आणि आपण कधी कडीसुद्धा हलवू नये, तसं वाटलं.

कप काढायची वेळ आली तेव्हा मी दांडी धरून ओढली. कप हलेना. अजून ओढली. पोटात कळ. बहिणीला स्पीकरवर घेतलं, ती पुण्यात दोन वर्षं कप वापरतेय.

"दांडी ओढू नको ताई! लोणच्याची बरणी उघडतेस तशी हवा जाऊ दे. बूड चिमटीत दाब. खाली जरा जोर दे. आणि जबडा सैल सोड."

जबड्याचा इथं काय संबंध, हे विचारेपर्यंत दारावर थाप. "पोट बिघडलं व्हय गं? मी ओवा आणतो." (आमच्याकडं बायकाही 'आणतो, येतो'च म्हणतात, पुण्यातल्या भाचीला याचं फार हसू येतं.) मी जबडा सैल सोडला. फस्सकन हवा गेली आणि कप हातात आला. ओवाही खाल्ला, नाही म्हणायची ताकद नव्हती. तिसऱ्या महिन्यापर्यंत हात बसला. तांबी बसवलेल्या मैत्रिणीला मात्र मी आधी डॉक्टरांकडं पिटाळलं, कपाच्या ओढीनं तांबी हलू शकते.

माझ्या कपाच्या अंगावर मापाच्या रेघा आहेत. मला हिशोबाची खोड. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या आकड्यांशेजारीच मी लिहीत गेले: १२, १०, ८, ४, २. महिनाअखेरीला दुधाचा हिशोब करताना यांनी हाक मारली. "शनिवारी बारा लिटर दूध घेतलं आपण? बासुंदी कुठं गेली?"

सांगणं भाग पडलं. छत्तीस मिली, पाचही दिवसांचं मिळून. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिली रक्त जातं, ८० च्या वर जाऊ लागलं तर डॉक्टर गाठावा, हेही सांगितलं. हे एकदम घड्याळाकडं बघून गाडीची किल्ली शोधायला लागले. मीही इतकी वर्षं अर्धी बादली धरून चालले होते. हा कपही नवा नाही. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन नटीनं १९३७ साली त्याचं पेटंट घेतलं होतं, तेव्हा तो रबराचा होता. त्या वर्षी माझ्या आजेसासूबाई असतील बारा-तेरा वर्षांच्या, कागलकडं कुठंतरी पडवीत कोपरा धरून.

सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या. "छत्तीस म्हणजे किती गं?"

"सात चमचे. चहाचे."

त्या उठल्या. डब्यातला चमचा घेतला आणि तांब्यातलं पाणी मोजून वाटीत टाकलं. एक, दोन... सात. वाटीचा तळ जेमतेम झाकला. वाटी उजेडाकडं तिरपी करून बघितली.

"एवढ्यासाठी सासूबाई मला चार दिवस पडवीत बसवायच्या? बरणीवर माझी सावली पडली तर आरडाओरडा. सात चमच्यांसाठी?" मग परत वाटीत बघितलं. "त्यांनी पण कधी मोजलं नसंल."

पाणी त्यांनी खिडकीतल्या कढीपत्त्याला घातलं आणि माझ्याकडं वळल्या. "ते लहान पातेलं तुझं तू बाजूला ठेव हां. चुकून चहाला आणशील."

"बरं," मी म्हणाले. त्यांच्या शेजारी सकाळच्या चहाचा कप अजून तसाच होता, तळाला घोटभर उरलेला. त्याच पातेल्यातला.