टाकी भरली की डुगडुग थांबते म्हणे!

रविवारी ऐरोलीला ताईकडे गेलो, तर हॉलभर भुसा. भाच्याने फिश टँकसाठी लाकडी स्टँड करायला घेतलेला आणि समोर मोबाइलवर तोच फॉरवर्ड उघडा: 'सुताराशिवाय मजबूत स्टँड, एका दुपारात.' आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा तीनदा येऊन गेलाय. तेव्हा सोडून दिला. आता घरातलंच पोर त्यावर विसंबून टाकी ठेवायला निघालंय.

त्यातला सर्वांत भन्नाट सल्ला असा: रिकामा स्टँड हलला तरी घाबरू नका, टाकी भरली की वजनाने आपोआप घट्ट बसतो. लिहिणाऱ्याने आयुष्यात एक तरी टाकी भरली असेल का? भाच्याची टाकी 3 बाय 1.5 बाय 1.5 फूट. म्हणजे काठोकाठ 190 लिटर, तितकेच किलो. काच आणि रेती धरून अडीचशेच्या घरात. मी त्याच्या चौकटीला वरून एका बोटाने बाजूला रेटलं, तर चौकोन तिरका झाला. 'मामा, पाणी भरल्यावर नाही हलणार.' मग ओट्यावरची काड्यापेटी आणली, आतला खण काढला आणि नुसतं टरफल दाबून दाखवलं. आडवं झालं. खण परत घातला, हलेना. चौकटीचंही तेच. वजन सरळ खाली उतरतं तोवर ठीक, पण ती जरा कलली की तेच वजन तिला आणखी कलवतं. मागून आणि निदान एका बाजूने 12 मिमी प्लाय ठोकला की डुगडुग जाते. पाण्याने नाही जात.

'लांब स्क्रू असले की जोडाकडे बघायला नको.' बघायला हवं. भाच्याच्या आडव्या पट्ट्या पायांच्या बाजूला नुसत्या स्क्रूवर लटकल्या होत्या. पट्टी पायाच्या डोक्यावर टेकली पाहिजे, लाकडावर लाकूड. स्क्रूने फक्त धरून ठेवायचं. सगळं उसवलं नाही आम्ही. प्रत्येक पट्टीखालून जमिनीपर्यंत दुसरा खांब पायाला चिकटवून दिला.

'कमर्शियल प्लाय वॉटरप्रूफच असतो.' अजिबात नाही. कमर्शियल म्हणजे बहुतेक एमआर, मॉइश्चर रेझिस्टंट प्लाय; तो दमट हवा सोसतो, सांडलेलं पाणी नाही, आणि पाणी बदलताना सांडतंच. शिक्का वाचा: आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय, त्याचा तुकडा चाचणीत 72 तास उकळतात. महाग आहे, कबूल. निदान वरची फळी तरी त्याची घ्या.

'टाकीखाली थर्माकोल घातला की झालं.' हे मात्र खरं आहे, अर्धं. काचेखाली घातला तर बारीक खडे, उंचसखल जिरवतो. पण लादीला उतार असेल तर तो काय करणार? लेव्हल लावा, पायाखाली पाचर द्या.

गुण्याचा, म्हणजे काटकोन तपासायच्या सुताराच्या हत्याराचा, तर फॉरवर्डमध्ये उल्लेखच नाही. तो मी माझा देऊन आलोय. काम पुढच्या रविवारी संपेल. तोवर टाकी बाल्कनीत आहे आणि ताईने तिच्यात कांदे-बटाटे भरलेत.