पेटी मोजायची की माणसं?

जिममध्ये किंवा लग्नाच्या मांडवात कुणी कोसळल्याचा व्हिडिओ फिरू लागला की नाशिकला तोच वाद रंगतो: कंपन्यांनी कामगारांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवणं सक्तीचं करावं का? ‘108 आहे ना, डॉक्टरांचं काम डॉक्टरांना करू द्या’ ही एक बाजू. ‘परदेशात बघा’ ही दुसरी. परदेश, म्हणजे आम्ही राहतो ती जर्मनी, बघायचीच तर नीट बघू.

आपल्याकडे 1948च्या कारखाने कायद्याने दर 150 कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस ठेवायला सांगितलं. व्यवहारात तपासली गेली ती पेटी. इथला नियम माणसं मोजतो: 20 पर्यंत कामगार असतील तर एक प्रथमोपचारक, त्यापुढे कचेरीत 5 टक्के, कारखान्यात 10 टक्के, आणि तेही पटावरच्या नव्हे, त्या वेळी हजर असलेल्यांच्या. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत आणण्याजोगी गोष्ट हीच, कारण तिथे प्रशिक्षण दिवसपाळीच्या स्टाफला मिळतं आणि रात्रपाळीला प्रेसवर कंत्राटी पोरं असतात.

इथलं सगळंच डोक्यावर घेण्यासारखं नाही. उजळणी दर दोन वर्षांनी होते, आणि हाताची सवय काही महिन्यांतच ढिली पडते. वाहन परवान्यासाठी केलेला कोर्स तर बहुतेक जण जन्मात पुन्हा करत नाहीत.

रुग्णवाहिकेचं म्हणाल तर सीपीआर नसेल तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. नाशिकच्या द्वारका चौकातली गर्दी आठवा आणि हिशोब करा.

घोटाळा सुरुवातीलाच होतो. हृदय थांबल्यावरही माणूस काही वेळ अधूनमधून आचके दिल्यासारखा घोरतो. भोवतालचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे’. मग फिट समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, तोंडात पाणी ओतायचं, खुर्चीत बसवायचं. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की पुरे: एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने छाती दाबायला लागायचं. शॉक लागलेला असेल तर आधी मेन स्विच बंद.

माणूस कडक जमिनीवर उताणा हवा. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपर ताठ, दाब 5 ते 6 सेंटिमीटर, मिनिटाला 100 ते 120. दमलेला माणूस छातीवर रेलून राहतो. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, पुढचा दाब फुकट. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. तोंडाने श्वास देणं शिकलेलं नसेल तर नुसतं दाबत राहा.

तेव्हा 4 मार्चच्या सुरक्षा दिनी हॉलमध्ये स्लाइड दाखवून फोटो काढणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तीस जणांना सरावाच्या एका पुतळ्यावर दोन-दोन मिनिटं द्यायची तर तासभर लागतो. तो तास प्रत्येक पाळीला द्यावा. पाच-दहा माणसांच्या वर्कशॉपला पुतळा परवडणार नाही; निमा-आयमासारख्या उद्योजकांच्या संघटनांनी दोन-चार घेऊन फिरते ठेवावेत.

एईडी, म्हणजे छातीवर पॅड लावून हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, घेतलंच तर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये कुलपात नको. पॅडची मुदत पाहणारा माणूस नेमा आणि यंत्राच्या पिशवीत टॉवेल ठेवा: घामेजलेल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत.